दुसऱ्या पेल्याचे मत

खिर्बत-अल-लोज, अजलून
गुरुवार, दुपारच्या नमाजानंतर

आदरणीय व्याही अबू घालिब यांस,

अबू सारीचा सलाम. आपली, विहीणबाईंची आणि आपल्या डाव्या गुडघ्याची प्रकृती कशी आहे ते कळवावे. (उजव्या गुडघ्याची चौकशी मुद्दाम केलेली नाही. गेल्या पत्रात आपण त्याच्याविषयी तक्रार केली नव्हती, आणि ज्या अवयवाची तक्रार नाही त्याची विचारपूस करून त्याला आठवण देऊ नये, असे माझे मत आहे.) इकडे सर्व क्षेम. आपली कन्या लुबना सुखरूप आहे, सारी अकाबाच्या बंदरात कामावर आहे, आणि आपल्या दोघांची नात रीमास यंदा चौथीत गेली. ‘सर्व क्षेम’ हे विधान पुढील मजकुराशी जुळत नाही याची मला जाणीव आहे. पण पत्राच्या आरंभी दुसरे काही लिहिण्याची पद्धत नाही. हे सारे फोनवर सांगता आले असते. परंतु विषय आपले भाचे खासदार नाएफ यांचा आहे, आणि फोन करतेवेळी भाचा मामाच्या शेजारीच बसलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

साठांहून कमी विद्यार्थी असलेल्या शाळा बंद करण्याचा कायदा येत्या मंगळवारी संसदेत मतास येत आहे. आमच्या मुलींच्या शाळेत सत्तेचाळीस मुली आहेत. (गेल्या वर्षी एकोणपन्नास होत्या, बापाची बदली झाल्याने दोन बहिणी झर्काला गेल्या. एकोणपन्नास हेही साठांहून कमीच, हे मी गावाला अनेकदा समजावले, तरी लोक अजून त्या बापालाच बोल लावतात.) शाळा बंद झाल्यास मुलींनी चौदा किलोमीटरवरच्या तेल-अल-रुमानला बसने जावे, अशी योजना आहे. तो डोंगराचा रस्ता आपण पाहिला आहे. हिवाळ्यात त्यावर धुके उतरले की चालक काचेतून नव्हे, अंदाजाने गाडी हाकतो. पहिल्याच हिवाळ्यात सत्तेचाळीसपैकी तीस मुली घरी बसतील, आणि बसल्या त्या बसल्या. त्या तिसांत रीमास नसेल, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही.

म्हणून दोन आठवड्यांपूर्वी गावातील चाळीस प्रतिष्ठितांचे शिष्टमंडळ, म्हणजे रीतसर जाहा, घेऊन मी नाएफच्या घरी गेलो. मागणे घेऊन आलेल्या पाहुण्याने समोर आलेला कॉफीचा पेला न पिता खाली ठेवावा आणि यजमानाने मागणे मान्य केल्यावरच तो उचलावा, ही रीत मी आपणांस सांगायला नको. चाळीस पेले खाली ठेवले गेले. मी बोलण्यास उभा राहिलो. माझ्या भाषणाचे तीन भाग होते : यजमानाच्या घराण्याची स्तुती, लोकप्रतिनिधीची कर्तव्ये, आणि मागणे. पहिला भाग संपून दुसऱ्यात मी जेमतेम पाऊल टाकले होते, तोच नाएफने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “उस्ताद, कॉफी प्या. तुम्ही मागितलंत ते झालंच म्हणून समजा.” चाळीस जणांनी चाळीस पेले एका दमात रिकामे केले. बसमध्ये सारे एकमेकांचे अभिनंदन करीत होते. फक्त आमच्या गावच्या बैठकघरात, मदाफ्यात, पाहुण्यांना कॉफी करून देणारे अबू दह्हाम यांनी हळूच विचारले, “उस्ताद, पण आपण मागितलं काय?” चाळिसांत तर्काचे अंग असलेला तो एकटाच निघाला.

नंतर कळले ते असे : त्याच दिवशी सकाळी तेल-अल-रुमानची जाहाही नाएफकडे गेली होती. (आमच्या मुली तिकडे गेल्या की त्यांच्या शाळेवर दुसरा मजला चढणार आहे, त्यामुळे त्यांना हा कायदा हवा आहे.) त्यांनाही कॉफी मिळाली, त्याच किटलीतून, त्याच वाक्यासह. याला शास्त्रात वदतोव्याघात म्हणतात. फोनवर मी तसे म्हटले, तेव्हा नाएफ म्हणाला, “उस्ताद, दोघांनाही मी अगदी मनापासून सांगितलं. आता मन एकच आहे, त्याला मी काय करू?” नाएफ माझा विद्यार्थी होता हे आपणांस ठाऊक आहेच. तर्कशास्त्रात मी त्याला शंभरांपैकी बेचाळीस गुण दिले होते. ते जास्त दिले गेले, की कमी, याविषयी माझा निर्णय आता डळमळीत झाला आहे.

तेव्हा मी मुळाशी गेलो. निवडून दिलेला माणूस हा निवडणाऱ्यांचा वकील होय. आणि अशिलाने ‘नको’ म्हटल्यावर न्यायालयात ‘हवे’ म्हणणाऱ्या वकिलाला आपण वकील म्हणत नाही, दुसरेच काही म्हणतो. यास्तव मी सात कलमांचा करारनामा तयार केला. (हा नववा मसुदा. आठव्यातील एक स्वल्पविराम नाएफला पळवाट देत होता.) दुसरे कलम : कोणत्याही मतदानापूर्वी गावचे नागरिक मदाफ्यात जमून आपली इच्छा ठरवतील. तिसरे : खासदार त्या इच्छेनुसारच मत देईल, अन्यथा देणार नाही. चौथ्यात नागरिकाची व्याख्या : मदाफ्यात बसून कॉफी घेण्याचा ज्यास अधिकार आहे असा गावातील प्रौढ. सहावे मी विशेष अभिमानाने लिहिले : एकदा झालेली मोजणी अंतिम राहील आणि तिच्याविरुद्ध कोणासही, खुद्द मसुदाकारासही, दाद मागता येणार नाही. उम्म सारीने मसुदा वाचला. चौथ्या कलमावर बोट ठेवून ती नुसतीच “बरं” म्हणाली. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्या या शब्दाची व्याख्या करू शकलेलो नाही. नाएफने मात्र न वाचता सही केली आणि वर म्हणाला, “बरं झालं उस्ताद, डोक्यावरचं ओझं उतरलं. इतके दिवस मला विचार करावा लागायचा, आता तुम्ही करा.” त्याच्या चपळाईने मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

प्रश्न उरला मोजणीचा. हात वर करून मत घेणे आमच्याकडे अशक्य. समोर मामा बसलेला असताना कोणता भाचा त्याच्याविरुद्ध हात उचलेल? (आपल्या भाच्याला मी या नियमाचा अपवाद धरीत नाही, त्याकडे पुढे येईन.) चिठ्ठ्यांचा प्रयोग केला, तर लोकांनी चिठ्ठ्या लिहून एकमेकांना वाचून दाखवल्या, आणि ज्या दोघांच्या मी लिहून दिल्या त्यांनी माझ्यावरच संशय घेतला. अखेर मला तो मार्ग सुचला. पाहुण्याला पुरे झाले की तो रिकामा पेला हातात किंचित हलवतो. न हलवता पुढे केला तर कॉफीवाला पुन्हा भरतो. पेला हलवल्याने कोणाचाही अवमान होत नाही. तेव्हा असे ठरवले की पहिला पेला सर्वांनी घ्यावा. ज्यांना शाळा टिकावी असे वाटते त्यांनी तो हलवून परत करावा. ज्यांना कायदा मान्य आहे त्यांनी दुसरा घ्यावा. मी हे दोनदा समजावले, शंका विचारल्या, एकही निघाली नाही. पद्धत निर्दोष होती. कॉफीही निर्दोष असेल, हे मी गृहीत धरले नव्हते.

काल, बुधवारी, बाहेर गारठा इतका की मदाफ्याच्या खिडक्यांवर वाफ धरली होती. अबू दह्हामनी या ऐतिहासिक प्रसंगासाठी ताजे दाणे भाजले आणि वेलदोडा नेहमीच्या दुप्पट घातला. अठ्ठावन्न जणांनी दुसरा पेला घेतला. अकरांनी पेला हलवला. त्यांतल्या चौघांना डॉक्टरांची मनाई आहे.

आकडा मी वाचून दाखवला, तेव्हा कुठे गलका उडाला.

“अरे, तू शाळेच्या विरुद्ध मत दिलंस!”

“मी कुठं? मी कॉफी घेतली!”

“तेच तर मत होतं, शहाण्या!”

“मग याला सांगा ना, पुढच्या वेळी जरा वाईट कर म्हणावं.”

यावर अबू दह्हाम किटली आपटून उभे राहिले. “चाळीस वर्षं कॉफी करतोय. आजवर तिला कुणी नावं ठेवली नाहीत, आणि आज शाळा बुडवल्याचा आळ?”

हाज फव्वाझ हे आमच्यातले सर्वांत वडील. त्यांनी शांतपणे विचारले, “उस्ताद, ते सहावं कलम कुणी घातलं?” मी म्हणालो, मीच. “मग काढा.” मी सांगितले की सातव्या कलमान्वये कोणतेही कलम काढायचे तर पुन्हा याच पद्धतीने मत घ्यावे लागेल. “म्हणजे परत कॉफी?” ते म्हणाले, आणि अर्ध्या मदाफ्याचे चेहरे खुलले. मी सभा बरखास्त केली.

नाएफचा फोन मी करण्याआधीच आला. “उस्ताद, माझा अगदी नाइलाज आहे हो. लोकांची इच्छा! अठ्ठावन्न विरुद्ध अकरा! एवढं बहुमत तर मला स्वतःला कधी मिळालं नाही.” ती त्यांची इच्छा नव्हती, तहान होती, असे मी म्हणालो. “तसं कलम आहे का?” त्याने विचारले. तसे कलम नाही.

तथापि एका करारात चूक झाली म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. लोकप्रतिनिधीने लोकांच्या इच्छेप्रमाणेच मत द्यावे, हे माझे मत कालच्या मोजणीनंतरही कायम आहे, आणि आपणांसारख्या विचारी माणसाला ते पटेल, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच. दुसरा काही हेतू नाही. विहीणबाईंना सलाम. आपल्या गुडघ्यास हिवाळा सुसह्य जावो, आणि आमच्यावरचा आपला लोभ उन्हाळ्याइतकाच लांब राहो.

आपला,
अबू सारी

ता. क. (गुरुवार सायंकाळ). मतदान मंगळवारी सकाळी अकराला आहे, आणि दोन-चार मतांचाच फरक पडेल असे ऐकतो. आपण नाएफचे सख्खे मामा. त्याला त्याच दिवशी साडेदहाला इरबिदला जेवायला बोलवावे. मामाच्या ताटाला नाही म्हणण्याची त्याची प्राज्ञा नाही. मन्साफ करावे, मेंढा आख्खा असावा, आणि दह्याचा रस्सा मागून वाढत राहावा, म्हणजे त्याला उठता येणार नाही. सातही कलमे मी तीनदा तपासली : हजर असल्यास मत कसे द्यावे एवढेच त्यांत आहे, हजर राहावे असे कुठेही नाही. यात आणि वर लिहिलेल्या तत्त्वात विसंगती आहे. ती माझ्या लक्षात आलेली आहे, आपण दाखवून देण्याची तसदी घेऊ नये.

ता. क. (शुक्रवार). आज बस नसल्याने पत्र पडून आहे. तेवढ्यात एक दुरुस्ती. आज रीमासने विचारले, “आजोबा, तुम्ही किती पेले प्यालात?” मी म्हणालो, दोन, अध्यक्षाने पेला हलवून नाकारणे बरे दिसत नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि “बरं” म्हणाली. हुबेहूब आजीसारखे. तेव्हा वरील अठ्ठावन्नांविषयी मी जे काही लिहिले आहे, ते वाचताना त्यांतला एक मी आहे, हे लक्षात असू द्यावे.

ता. क. (शनिवार सकाळ, चालक भोंगा वाजवीत आहे). मेंढा कापू नये. काल जुम्म्याच्या नमाजानंतर उम्म सारी, आपली लुबना आणि गावातल्या एकूण त्रेसष्ट बायका भाड्याच्या दोन बस भरून नाएफच्या आईकडे, म्हणजे आपल्या भगिनींकडे, गेल्या. त्रेसष्ट पेले खाली ठेवले. नाएफ धावत आला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “काकू, प्या कॉफी. झालंच म्हणून समजा.” उम्म सारी म्हणाली, “समजलो आम्ही. मंगळवारी शाळेच्या बाजूनं मत देऊन ये बाळा, मग पिऊ.” पेले तसेच आहेत. पाहुण्यांनी घेतल्याशिवाय यजमानीण घेत नाही, त्यामुळे आपल्या भगिनी कालपासून बिनकॉफीच्या आहेत. त्यांचे डोके ठणकते आहे, आणि पहाटेपासून त्यांनी मुलाला चारदा झापले आहे. आम्ही पुरुष शब्दावर पितो, या बायका कृतीवर पिणार. या अटीत मी रात्रभर छिद्र शोधले, नाही. माझ्या चौथ्या कलमातील व्याख्येला अव्याप्तीचा दोष होता (मदाफ्यात बायका बसतच नाहीत), हेही त्या ‘बरं’चा अर्थ आता लागल्यामुळे मान्य करतो. तेव्हा नाएफने मंगळवारी संसदेत असणे अत्यावश्यक आहे.

बायकांनी तिथे बसून राहण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. उम्म सारीची पाळी संपत नाही, कारण पाळ्या तिनेच लावल्या आहेत. लुबना तिच्या हाताखाली आहे. इकडे मी आणि रीमास कालपासून पाव, ऑलिव्ह आणि मी केलेली अंडी खात आहोत. अंड्यांचे वर्णन करीत नाही. पहिली ता. क. वाचताच मेंढा मागवला असेल तर दोन माणसांपुरते मन्साफ याच बसने परत पाठवावे, ही या पत्राची खरी विनंती समजावी. कॉफी मात्र पाठवू नये. मंगळवारपर्यंत मीही पेला खाली ठेवला आहे.