ज्ञानूचा रविवार

प्रिय ज्ञानू,

फोनवर तू मला दोन वाक्यांत वाटेला लावतेस, म्हणून लिहिते आहे. रागावली असशील तर खुशाल रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आम्हा नवरा-बायकोचं नेहमीचंच. मला बँकेत मान वर करायला फुरसत नाही, मुकुलची बदली मलकापूरला झाल्यापासून त्याचीही धावपळ. तरी शनिवारी संध्याकाळी मी दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवते. रविवारी गॅस पेटवायचा नाही, फोन कपाटात, चर्चमधून आलं की दुपारभर झोप. चार वर्षं हा शब्बाथ, देवाने सांगितलेला विसाव्याचा दिवस, मी मोठ्या कौतुकाने पाळते आहे, वर तुलाही शिकवते आहे. नाताळात सांगलीला आले तेव्हा तुला म्हणाले, देवासाठी आठवड्याचा एक दिवस काढायला शीक. तू अंथरुणाला खिळलेल्या पप्पांची चादर बदलत होतीस.

गेल्या महिन्यात एका रविवारी तुझे तीन फोन येऊन गेले होते. मी ते सोमवारी बँकेत निघताना पाहिले आणि पप्पांच्या काळजीने दारातूनच तुला फोन लावला. तू म्हणालीस, काही नाही ताई, झालं ते. शेवटी शेजारच्या रंगुबाईंकडून कळलं, की पप्पांना वळवताना चक्कर येऊन तूच पडलीस. ‘लय वाळलीया पोरगी, कवा झोपती कुणास ठावं,’ असं त्या म्हणाल्या. परक्या बाईला जे दिसलं ते मला दिसलं नाही, याची फार लाज वाटली.

परवा उपासनेत दहा आज्ञा म्हणताना मी मध्येच थांबले. विसाव्याच्या आज्ञेत नोकरचाकर आहेत, बैल-गाढवंसुद्धा आहेत. बहिणीचं नाव नाही, आणि ते मला बरंच सोयीचं पडलं. माझा रविवार शांत जायचा, कारण तिकडे तू उभी होतीस.

येत्या शनिवारी दुपारच्या एसटीने येते. यापुढे दर शनिवारी येईन, मुकुलशी बोलले आहे. रविवारी तू चर्चला जा, नाहीतर दार लावून झोप. पण एक गोष्ट फोनवर विचारायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. पप्पांना न दुखवता कुशीवर कसं वळवतेस? हात आधी कुठे घालतेस, मानेखाली की पाठीखाली? मी त्यांची थोरली लेक, आणि मला हे येत नाही. आल्याआल्या शिकव.

तुझीच,
उमाताई