दहा सेंटिमीटर पुरावा

१ मार्च
आजपासून रोजनिशी. लिहिल्यानं मन स्वच्छ राहतं म्हणतात. माझं आहेच, पण असू दे.
संकल्प दोनच. लवकर उठायचं, आणि बायकोवर संशय घ्यायचा नाही. मुळात मी घेतच नाही. मी फक्त चौकशी करतो.

२ मार्च
उठायला उशीर झाला.
वर्षभरापूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर एक डेंटिस्ट राहायला आला. दवाखानाही तिथंच. मनातल्या मनात मी त्याला बत्तीशी म्हणतो. बायकोची दाढ दुखतेय, म्हणून ती त्याच्याकडे जाणार म्हणाली. मी विरोध केला नाही. गावातल्या इतर अकरा डेंटिस्टांची यादी तेवढी पुढं ठेवली.

५ मार्च
रूट कॅनलचं पहिलं सिटिंग. बायको हसत खाली आली. इंजेक्शनमुळे अर्धंच तोंड हसत होतं, पण हसत होतं. कशाला हसतेस विचारलं, तर म्हणाली डॉक्टर जोक मस्त सांगतात. कुठला जोक? तर म्हणे, आठवत नाही, सांगण्यातच मजा होती.
मी तीन वर्षं जोक सांगतोय. तोंडाच्या दोन्ही बाजू शाबूत असताना कधी हसली नाही.

६ मार्च, लॅबमध्ये
मी केसांतला ताण मोजतो. पोटापाण्यासाठी. माणूस ताणात असला की अंगात कॉर्टिसॉल वाढतं, आणि वाढणाऱ्या केसात ते मुरून बसतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे सेंटिमीटरमागे एका महिन्याची हकिकत. सध्या रात्रपाळीच्या एकशे सत्तेचाळीस नर्सेसचे केस आलेत.
आज सुचलं. बाहेरच्यांचं एवढं मोजतो, मग घरचं का नको?
बायकोचा ताण कमी निघाला, तर ती बत्तीशीमुळे खुशीत आहे. जास्त निघाला, तर मन खातंय. पद्धतीत कुठंही खोट नाही.

१० मार्च
बायको केस कापायला पार्लरमध्ये गेली. ती तिथून बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत मी आत. पार्लरवालीनं वेणी घालून खालून दहा सेंटिमीटर एकदम कापली होती, त्यामुळे सगळे केस एका दिशेनं. नशीबच. शास्त्रासाठी हवेत म्हणालो. ती म्हणाली, केस मागायला असले लोक आधीही आलेत. मी म्हणालो, मी शास्त्रज्ञ आहे. ती म्हणाली, तेही हेच म्हणाले होते.
पिशवी दिली मात्र.

१४ मार्च
केस धुतले, वाळवले, बारीक दळले, अल्कोहोलमध्ये भिजत घातले. बाटलीवर लिहिलं, नर्स १४८. अक्षर जरा वाकडं आलं. ते चहा जास्त झाल्यामुळे.

१६ मार्च
निकाल आला. एकशे अठ्ठेचाळीस बायकांत सगळ्यात कमी. जवळजवळ शून्य. दहाच्या दहा महिने बायको आनंदात! वर बत्तीशी, खाली मी, आणि मधे ही सुखात. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.
जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.
उद्या वर जाऊन जाब विचारणार. सडेतोड.

१७ मार्च
गेलो. बत्तीशीनं खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगितलं. मला वाटलं, बोलायला. त्याला माझ्या दोन दाढा किडलेल्या सापडल्या. तोंडात आरसा असताना माणूस सडेतोड होऊ शकत नाही.
त्यानं एक जोक सांगितला. मी हसलो. डाव्याच बाजूनं.

१९ मार्च
लॅबच्या हेडबाईंनी बोलावलं. नर्स १४८ कोण, असं विचारलं. माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. तोंडातून चौथंच आलं. खरं.
बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बायकोचे केस किती लांब, विचारलं. कमरेपर्यंत, मी म्हणालो. जरा अभिमानानंच. साठ सेंटिमीटर तरी.
मग त्या हळू आवाजात बोलल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मुळाशी असतो तो चालू महिना, हे मीच नव्या लोकांना शिकवतो. मी कापून आणलं ते शेंडे. म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीचे. त्या वेळी बत्तीशी वर नव्हता. आणि खाली मीही नव्हतो. आमचं लग्न होऊन तीन वर्षं झालीत.
शिवाय शेंड्यांतलं बरंच कॉर्टिसॉल धुऊन धुऊन गेलेलं असतं, म्हणाल्या. अकरा वर्षं या लॅबमध्ये काढलेल्या माणसाला हे सांगावं लागतंय, असंही म्हणाल्या.
संमतीशिवाय कोणाचाही केस मोजायचा नाही, हा नियम. दोन दिवसांत नमुन्याच्या मालकिणीची सही आणायची, नाहीतर वर रिपोर्ट.
एक गोष्ट मात्र बरी झाली. तिचं सुख बत्तीशीमुळे नव्हतं.
ते कशामुळे होतं, यावर आज विचार करणार नाही.

२० मार्च
बायकोची सही तशी सोपी आहे. सतरा वेळा करून पाहिली. शेवटचा फराटा जमत नाही.

२१ मार्च
फॉर्म तिच्यापुढं ठेवला. सगळं सांगितलं. पार्लर, पिशवी, नर्स १४८. वाटलं होतं चिडेल. मी बाजू मांडायची तयारी ठेवली होती. ती चिडली नाही. पुस्तकांची प्रुफं तपासते ती, त्यामुळे तीन पानी फॉर्म पहिल्या शब्दापासून वाचला. दोन चुका दुरुस्त केल्या. सही केली. मग म्हणाली, मोजायचंच आहे ना, तर नीट मोज, आणि कात्री माझ्या हातात देऊन पाठमोरी बसली.
डोक्याच्या मागून, मुळापासून, पेन्सिलीएवढी बट घेतात. हजार वेळा घेतलीय. आज बराच वेळ लागला.
ती झोपाळ्यावर जाऊन बसल्यावर फॉर्म पाहिला. रकाना नऊ: ताणाचं मुख्य कारण. तिनं लिहिलंय, 'रकाना तीन पाहा.'
रकाना तीन: नमुना गोळा करणाऱ्याचं नाव.

२५ मार्च
निकाल. मुळाकडचे तीन सेंटिमीटर. जानेवारीत वर, मार्चमध्ये त्याहून वर. नर्सेसना मागं टाकलंय. मधल्या फेब्रुवारीत मात्र एकदम खाली.
फेब्रुवारीत काय होतं, ते आठवायला अर्धा दिवस गेला. माझा घसा बसला होता. डॉक्टरनं बोलायला बंदी केली होती.
एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नयेत.

२६ मार्च
बायको थोरल्या बहिणीकडे चाललीय. किती दिवस? माहीत नाही म्हणाली. मी म्हणालो, परत आलीस की त्या महिन्यांचा केस घेऊन तुलना करता येईल, पेपर होईल. तिनं बॅगेची चेन लावली. मग म्हणाली, तीन वर्षांत एकदा तरी मलाच विचारायचं होतंस. केसाला कशाला विचारलंस?
याला माझ्याकडे उत्तर होतं. टॅक्सी आली.

२ एप्रिल
ती नाही. लवकर उठतो. करायला काही नसतं.

१४ एप्रिल
मेव्हणीनं फोटो पाठवला. बायकोनं सगळे केस कापून टाकलेत, अगदी बारीक. सेंटिमीटरभरही नसतील. मोजायला काही ठेवलंच नाही.
बागेत उभी आहे आणि हसतेय. पूर्ण तोंडानं. लग्नाच्या अल्बममध्येही अशी हसलेली नाही. कॅमेऱ्यामागे कोण आहे, तेवढं कळलं पाहिजे. फोटो मोठा करून तिच्या चष्म्यातलं, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब तपासलं. कोणी दिसत नाही.
शेवटी मेव्हणीला सरळ विचारलं, फोटो कोणी काढला.
उत्तर आलं: कोणी नाही. फोन कुंडीवर ठेवून टायमर लावला होता. आम्ही सगळे बाहेर गेलो होतो.
म्हणजे समोर कोणीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. एखादा माणूस असता, तर बरं झालं असतं.