अक्काचं प्रस्थान

देवास, शनिवार दुपार

प्रिय अक्का,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. समुद्राचं नाव काढलं की तुझं गॅसवरचं दूध उतू जातं. म्हणून कागद घेतला. आमचे शेजारी उदाजीराव संध्याकाळी लग्नाला धारला निघालेत, त्यांच्याच हाती देते. आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. निम्मी आमच्या ह्यांच्यावर आणि निम्मी तुझ्यावर.

परवा, सोमवारी सकाळी, इंदूरहून आमचं अंदमानचं विमान. अजेयनं तिकिटं तीन काढली होती, आईचं, बाबांचं आणि अक्कामावशीचं. तू महिन्यापूर्वीच त्याला कळवून टाकलंस की गुडघे दुखतात, चिऊची परीक्षा आहे, माझं रद्द कर. नातीच्या परीक्षेत आजी काय पेपर लिहिणार आहे? पोराचं तोंड उतरलं, पण तुला त्याचं काय!

इथे आठ दिवस नुसता पसारा. माणशी पंधरा किलो सामान चालतं. तर हे बॅग उचलून वजनकाट्यावर उभे राहतात, मग एकटे उभे राहतात, वजाबाकी करतात आणि माझ्या साड्या बाहेर काढतात. दोन किलो लसणाची सेव मात्र आतच. म्हणे तिकडे पोहे मिळाले तरी वर सेव कोण घालणार! काल बॅगेच्या तळाशी नारळ सापडला. समुद्राला वाहायला! अहो, बेटावर नारळ घेऊन चाललात, उल्टे बाँस बरेली को, असं मी म्हटलं तर म्हणाले, तिथला कसा निघेल सांगता येत नाही, हा मी वाजवून घेतलाय. सूनबाईंनी, म्हणजे आपल्या ईशानीनं, पुण्याहून पोहण्याचा ड्रेस पाठवलाय. मी तो उघडला, बघितला आणि होता तसा घडी करून ठेवला. अजेयची यादी रोज लांबते आहे. उन्हाचं मलम, टोपी, रबरी चपला, मोबाइलला पाणी लागू नये म्हणून पिशवी. माझं डोकं पार उठलंय. मजा करायला जायचं म्हणे! याच्यापेक्षा शाळेची तपासणी सोपी होती.

बाग गावच्या छापाच्या त्या दोन ओढण्या मात्र मी बॅगेतून काढू दिल्या नाहीत. दिवाळीला तू इथे होतीस तेव्हा घेतलेल्या, एक लाल, एक काळी. दुकानात तू दोन्हींवर बोटं फिरवलीस आणि मला हळूच विचारलंस, यातली लाल कुठली गं? एकेकाळी तू दुकानाच्या पायरीवरून सांगायचीस की तिसऱ्या ओळीत ठसा हललाय. मी म्हटलं, दिवा मंद असेल. दिवा काही मंद नव्हता.

आणि तो प्रस्थानाचा घोळ! सोमवारी पूर्वेला दिशाशूल, हे तूच फोनवर बजावलंस. स्वतः यायचं नाही, पण शास्त्र सांगायला पुढे. म्हणून काल शुक्रवारी, चांगला वेळ बघून, तीन घरं सोडून यशवंतरावांकडे प्रस्थान ठेवलं. अंगावरचं एकेक वस्त्र, सुपारी, हळकुंड, पोटलीत बांधून. म्हणजे आपला प्रवास कालच सुरू झाला असं धरायचं. आता ह्यांनी काय करावं? मला न विचारता आमची दोघांची आधार कार्डं पोटलीत घातली. प्रवासी निघाला तर त्याची ओळख घरी कशी राहील म्हणे! आणि आज सकाळी यशवंतराव घराला कुलूप लावून सहकुटुंब नेमावरला, नर्मदास्नानाला. उद्या दुपारपर्यंत काही येत नाहीत. विमानतळावर आता सुपारी दाखवायची का भिया, असं मी ह्यांना अगदी इंदुरी थाटात विचारलं. तेव्हापासून दर तासाला जाऊन त्यांचं कुलूप ओढून बघतात.

त्यावरून माझी भोपाळची मुलाखत आठवली. बावीस वर्षांची मी, मास्तरणीची नोकरी, आणि आदल्या दिवशी ताप आल्याचं सोंग करून गोधडीत शिरलेली. तू तोवर माझं पोलकं बांधून शेजारी ठेवूनही आली होतीस. म्हणालीस, प्रस्थान निघालंय, आता माघार घेतलीस तर तुझं अर्धं अंग वेशीबाहेर भटकत राहील. असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय देव जाणे! पण मी रडत रडत बसमध्ये चढले आणि ती नोकरी एकतीस वर्षं केली. आणि त्याच्याही आधी, नेमावरला नर्मदेचं पात्र बघून तू आपल्या बाबांना विचारलं होतंस, समुद्र याच्याहून मोठा असतो का? एकदा दाखवीन म्हणाले होते. राहूनच गेलं.

आता नीट ऐक. तुझं तिकीट मी रद्द करू दिलेलं नाही. यशवंतरावांकडे कालपासून पोटल्या तीन आहेत. तिसरीत दिवाळीला इथे विसरलेली तुझी जांभळी साडी आहे, सुपारी आहे, हळकुंड आहे. तुझं प्रस्थान निघालंय, अक्का. पाच दिवसांच्या आत निघावं लागतं आणि माघार नाही, हे तुझंच शास्त्र. गुडघ्यांचं मला सांगू नकोस. काचबिंदू आहे, डावा डोळा गेला आणि उजव्याची डॉक्टर खात्री देत नाहीत, हे मला कळलंय. सख्ख्या बहिणीपासून लपवलंस! याचा राग मला जन्मभर येणार आहे. फार वाईट वाटलं गं. पुढच्या वर्षी समुद्र तिथेच असेल, पण मला तो तुझ्या डोळ्यांनी बघायचाय, आणि ते याच वर्षी. हे पत्र तू वाचत नाहीस हेही मला ठाऊक आहे. चिऊबाळा, हिंदी शाळेत शिकून, अडखळत का होईना, इथवर वाचलंस, शाबास. आता एवढं जोरात वाच, तुझ्या बाबाला आतल्या खोलीत ऐकू जाईल असं. मनन, सोमवारी सकाळी सहाला अक्काला इंदूरच्या विमानतळावर घेऊन ये, आधार कार्ड तिच्या हातात दे. आणि चिऊ, निघताना आजीच्या तळहातावर दही-साखर तू घाल.

तुझीच,
मालन