नाकावरच्या मुंग्या

२ मार्च. सकाळ.
मुलीचा व्हिडिओ कॉल. नात ओरडली, आजोबांच्या नाकावर मुंग्या बसल्यात! मुलगी म्हणाली, बाबा, ते ब्लॅकहेड्स आहेत, पार्लरमध्ये काढून देतात. तेवढ्यात तिला दुसरा फोन आला. नटण्यामुरडण्याचं माझं वय नाही, पण स्वच्छता म्हणजे स्वच्छता. एकदाच जाऊन यायचं.

५ मार्च.
गेलो. पार्लरवाल्या बाईंनी आधी वाफ दिली. मग भिंगाच्या दिव्याखाली टोकाला बारीक कडी असलेल्या सळईने दाबून एकेक ठिपका काढला. नाकावरचे काळे, हनुवटीवरचे पांढरे. सारखं विचारत होत्या, काका, दुखतंय का? दुखत नव्हतं. पण कुणी इतक्या आपुलकीने विचारतंय, तर तोंडावर नाही कसं म्हणायचं? थोडंसं, म्हणालो. लगेच हात हलका केला. आमची ही गेल्यापासून माझ्या तोंडाला फक्त माझाच हात. अर्थात, त्याचा इथे काही संबंध नाही.
पुन्हा कधी येऊ, विचारलं. म्हणाल्या, परत ठिपके आले की या.

६ मार्च.
आरशात पाहिलं. एकही नाही.

११ मार्च.
अजून नाही. कातडी भलतीच आळशी. साबण बंद केला. झोपताना नाकाला लोणी लावायचं ठरवलं. निव्वळ प्रयोग म्हणून.

१४ मार्च. पहाट.
शेजारणीचं मांजर खिडकीतून आलं आणि सगळं नाक चाटून गेलं. जीभ खरखरीत. हाकललं नाही. मुक्या जिवाला काय बोलायचं!
खिडकी उघडीच ठेवतो. हवा खेळती हवी.

२० मार्च.
मुलीचा कॉल. नाक कॅमेऱ्याला टेकवून विचारलं, दिसतंय का काही? बाबा, एकदम क्लीन, म्हणाली. मन खट्टू झालं.

२२ मार्च. दुपार.
सापडला! डाव्या नाकपुडीशी, काळा, ठसठशीत. चपला उलटसुलट घालून पार्लर गाठलं. बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, काका, हा तीळ आहे. म्हटलं, तरी प्रयत्न करून बघा. त्या हसल्या. तुमची कातडी आता कोरडी, ठिपके फारसे यायचे नाहीत, उगाच हेलपाटे नका घालू. डोक्यावर टॉवेल घेऊन घरीच वाफ घेत जा.
खुर्चीत लगेच दुसरी बाई बसली. तिलाही त्यांनी विचारलं, दुखतंय का? अगदी त्याच आवाजात. ती चक्क नाही म्हणाली. लोकांना रीतभात राहिली नाही.

२३ मार्च.
पातेलंभर पाणी उकळलं. टॉवेल घेऊन बसलो. उत्तम सोय आहे. टॉवेलखाली जागाच एकाची, त्यामुळे शेजारी कुणी नाही हे जाणवतसुद्धा नाही.
पाणी निवलं तरी बसून होतो.