स्टेम सेलच्या शेजारणी

३ जून. संकल्प पक्का. आतड्याचं अस्तर रोज झिजतं, चार-पाच दिवसांत नवं होतं. हे काम स्टेम सेलचं, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींचं. बाजूला दाटीवाटीनं बसलेल्या बाकीच्या पेशी म्हणजे नुसत्या शेजारणी. उंदराच्या आतड्यातून त्यांना हाकलणार, शुद्ध स्टेम सेल डिशमध्ये वाढवणार. लॅबमधली ज्युनियर म्हणाली, "सर, शेजारणीच त्यांना वाढीचे इशारे देतात. त्यांच्याशिवाय जगणं कठीण." म्हटलं, प्रतिभेला गर्दी सोसत नाही.

६ जून. पेशी वेगळ्या केल्या. काय सफाई! टाकून दिलेल्या शेजारणी ज्युनियरनं मागून घेतल्या, थोड्या स्टेम सेलही. दिल्या. भंगार जमवायची हौस असते एकेकाला.

९ जून. पेशी शांत आहेत. चिंतन चालू असावं. डायरेक्टर म्हणाले, वीस तारखेला कमिटी येतेय, ज्याचं काम दिसेल तो नव्या विभागाचा प्रमुख. कोट ड्रायक्लीनिंगला टाकला.

१३ जून. संख्या घटली. गाळात गाळ गेला, अर्क उरला. बायकोला समजावलं. म्हणाली, "एकटं टाकलंत तर कुणीही सुकेल हो." तिला सायन्स नव्हतं.

१७ जून, दुपार. माझ्या डिशमध्ये मेलेल्या पेशींचा कचरा. इन्क्युबेटरचं दार कुणीतरी उघडं ठेवत असणार. ज्युनियरनं मात्र दोन्ही पेशी एकत्र ठेवल्यात. अस्तर धरलंय, कोंब फुटलेत! काल सुईनं मुद्दाम ओरखडा काढला होता म्हणे, आज भरत आलाय. नवशिक्यांचं नशीब.

२० जून. कमिटी. शुद्धतेवर पाऊण तास बोललो. डायरेक्टर "छान, छान" म्हणत ज्युनियरच्या टेबलाकडे वळले. तिथून कुणी हलेना. एका बाईंनी विचारलं, पेशी इतक्या स्वच्छ वेगळ्या कुणी केल्या? ज्युनियर मोठ्यानं म्हणाली, "सरांनी! त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले. कान गरम झाले. ही मुलगी वाईट नाही.

२४ जून. ऑर्डर आली. प्रमुख ती. तिच्या विभागात आधाराला अनुभवी माणूस हवा, म्हणून मी. रविवारीसुद्धा पेशींचं मीडियम, म्हणजे त्यांचं खाद्यद्रव, बदलायला यायचंय. लॅबची किल्ली माझ्याकडे. अशी जबाबदारी ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत.