ते घरगुती भांडण नव्हते

मी इफ्रेम ट्रॅमेल, वय एकाहत्तर, राहणार हॅकबेरी खोरे, राज्य आर्कान्सा, पूर्वी सरकारी गोचीड-निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डावा डोळा आणि डावा कान केव्हाच कामातून गेले, काळजाचेही आता खरे नाही असे डॉक्टर म्हणतात. बुद्धी मात्र शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आधी कलम चार वाचावे आणि मग बोलावे. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

एक. घर, चाळीस एकर जमीन, गुरे आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी ओरा हिला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिच्या आईने, म्हणजे माझ्या लॉटीने, लावलेले अक्रोडाचे झाड कोणी कितीही भाव दिला तरी तोडू नये.

दोन. माझे खेचर पाद्री कॉय हेन्सली यांना. त्याचे नाव मी 'सभापती' ठेवले आहे, कारण टोचल्याशिवाय ते काही पुढे सरकू देत नाही. गोचिडीही देवानेच केल्या, त्यांना मारणारा निरीक्षक नरकात जाईल, असे पाद्रीबुवांनी एका रविवारी भर चर्चमध्ये सांगितले होते. हे खेचरही देवानेच केले आहे. लाथ बसली की त्यांनी तेवढे आठवावे.

तीन. लॉटीचा धाकटा भाऊ डेल्बर्ट स्टोव्हॉल याला काहीही नाही. कारण कलम पाचमध्ये.

चार. माझा नुकसानभरपाईचा दावा.

१९२२ साली आमच्याकडे गोचिडीच्या तापाने गुरे पटापट मरत होती. कायदा असा होता की दर पंधरवड्याला प्रत्येकाने आपली गुरे गोचिडी मारायला सोमलाचे विष घातलेल्या हौदातून पोहत न्यायची. पलीकडे बाहेर आली की मी त्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढत असे. बिनपट्ट्याची गाय दिसली की मालकाला दंड. लोक मला गोचिड्या म्हणत. माझी ना नाही. चिकटून राहण्याचा गुण माझ्यात आहेच.

डेल्बर्टला हा कायदा मुळीच मान्य नव्हता. एका संध्याकाळी कुंपणापाशी तो मला म्हणाला, "दाजी, तुम्ही माझी बहीण नेलीत, मी हूं की चूं केलं नाही. पण गाय नाही देणार. तुमचा तो हौद एक दिवस आभाळात जाईल बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हौदातले औषध ढवळायला गेलो आणि हौद खरेच आभाळात गेला. डेल्बर्टने सुरुंग लावला होता. डोळा आणि कान तिथेच गेले.

सरकारी हौद उडवला म्हटले असते तर त्याला कित्येक वर्षे तुरुंग होता. मेहुण्या-मेहुण्यांचे वाजले म्हटले तर किरकोळ दंड. तेव्हा त्याने शेरीफला सांगितले की बहिणीवरून आमचे भांडण होते. लॉटी माझ्या खाटेपाशी बसून म्हणाली, "तुम्ही खरं बोललात तर तो तुरुंगात जाईल आणि माझी आई हाय खाऊन मरेल." मी गप्प बसलो. आमच्या खात्याने 'घरगुती भांडण' असे दोन शब्द लिहून प्रकरण मिटवले. दावा करायला एक वर्षाची मुदत होती. मी तोंड उघडले ते आधी सासूबाई आणि मग लॉटी गेल्यावर. तोवर बावीस वर्षे उलटली होती.

मुदत गेली की कोणत्याही कचेरीचे दार उघडत नाही. मग एकच वाट उरते, ती म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेने एका माणसापुरता कायदा करायचा. तसे विधेयक माझ्या नावाने आहे: 'इफ्रेम ट्रॅमेल याच्या दिलाशासाठी'. मुदत संपल्याचे कारण पुढे न करता याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढेच त्यात मागितले आहे. ते दोनदा मांडले गेले आणि दोन्ही वेळा कोणी ना कोणी हरकत घेतली, की घरगुती भांडणाची भरपाई सरकारने का द्यावी? इकडे पोस्टात लोक हसतात, गोचिड्याच्या एका कानासाठी अख्खी संसद बसते म्हणतात. बसू दे.

आमच्या भागाचे प्रतिनिधी मला म्हणाले की विधेयक सोडून द्या, तुम्हाला म्हातारपणची मदत मिळवून देतो. मी त्यांना म्हणालो, "भीक घालायला तुम्हाला नवा कायदा लागत नाही. मग माझं ऐकून घ्यायलाच का लागतो?"

मी मेलो की विधेयकही मेले असे ते धरून चालतील. तसे होऊ द्यायचे नाही. ओराने माझ्या नावाच्या जागी 'कै. इफ्रेम ट्रॅमेल यांचे वारस' असे घालून घ्यावे आणि ते पुन्हा मांडायला लावावे. ती नोकरी सरकारी होती, तो हौद सरकारी होता आणि मी माझे काम करत होतो. ते दोन शब्द मला खोडलेले हवे आहेत.

पाच. पट्टे ओढायचा ब्रश मी जपून ठेवला आहे. माझ्या शवपेटीच्या झाकणावर त्या ब्रशने एक पट्टा ओढावा, म्हणजे हा गडी हौदातून पार झाला हे वर कळेल.

आता डेल्बर्ट. हा ब्रश त्यालाच ठेवायचे माझ्या मनात होते, टोमणा म्हणून. पण वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रात लाभ आहे त्याची साक्ष कच्ची पडते. मला त्याची पक्की साक्ष हवी आहे. म्हणून त्याला कुंपणाचा खिळासुद्धा नाही. सत्तावीस वर्षे आम्ही एकमेकांना हाक मारलेली नाही. लॉटीला पुरले तेव्हाही तो खड्ड्याच्या पलीकडे उभा होता आणि मी अलीकडे. याचे मला वाईट वाटते, आणि रागही तितकाच येतो. ओराला निरोप घेऊन पाठवले आहे. त्याने यावे, कलम चार मोठ्याने वाचावे आणि खोटे वाटले तर सही न करता निघून जावे. त्याच्यावर खटला भरण्याची मुदतही केव्हाच संपली आहे. मुदत संपल्याचा फायदा त्याला एकट्यालाच का?

वरील सर्व मी कोणी सांगितले म्हणून नव्हे, पुष्कळांनी नको म्हटले तरी लिहिले आहे.

हॅकबेरी खोरे, ९ मार्च १९४९
(सही) इफ्रेम ट्रॅमेल

साक्षीदार:

१. आयडेला रस्क, पोस्टमास्तरीण. इफ्रेम यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते आणि रागातही होते.

२. डेल्बर्ट स्टोव्हॉल. उजव्या कानाशी बसून कलम चार मोठ्यानं वाचलं. खरं आहे. हौद मी गोचिडीच्या कायद्यावरून उडवला, बहिणीचा त्यात काही संबंध नव्हता. तिथं कोणी आहे हे मला ठाऊक नव्हतं. वॉशिंग्टनला हेच शपथेवर लिहून देतो. माझ्या गाईवर मी कधी पट्टा ओढू दिला नाही. पेटीवरचा मीच ओढीन, दाजी.