ड्रायव्हरच्या पायाखालचं ताट

तीर्थरूप मामांस,

गाडीखाली उताणं पडल्या पडल्या केलेला साष्टांग नमस्कार. (साष्टांग पालथं पडून घालायचा असतो हे ठाऊक आहे, पण आठांपैकी सहा अंगं सध्या दुखत असल्यामुळे जमेल तसा घातला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक. आईची तब्येत उत्तम, बायकोचा आवाज उत्तम, आणि लोकांच्या पँटी अजून उसवत असल्यामुळे माझं शिलाईचं दुकानही बरं चाललं आहे. पत्र मुद्दाम घरी न पाठवता तुमच्या गोदामाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. कारण पुढे कळेलच.

विषय गाडीचा. नऊ वर्षांपूर्वी आई बाहेर गेली आहे असं बघून तुम्ही तुमची ती फोर-व्हील आमच्या फाटकाशी उभी केलीत, किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, इंजिन म्हातारं झालंय, पण अंग धडधाकट आहे. मामा, त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा निघाला.

झालं असं की ड्रायव्हरच्या दाराखाली रंगाला चण्याएवढा फोड आला होता. मी सहज नख लावलं. पोपडा निघाला. तिथेच थांबलो असतो तर आज माझी पाठ जागेवर असती, पण म्हटलं, एवढं खरवडून ब्रशचा एक हात मारून टाकू. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बायको तेव्हा आत बसून पायाखालची रबरी चटई सोडवत होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक आपल्या चपलेपाशी येऊन पोचलं आहे, असं तिने वरून कळवलं. (ज्या शब्दांत कळवलं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखे नाहीत.) मग फोडतच गेलो. वर रंग, रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली पोत्याचा तुकडा, पोत्याखाली डांबर आणि डांबरात घट्ट बसलेलं एक वर्तमानपत्र. त्यातलं शब्दकोडं तुमच्या अक्षरात अर्धं सोडवलेलं आहे. आडवा सातवा चुकलाय.

आता पत्रा बदलणं आलं. आमच्या गल्लीत खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा एक वेल्डर आहे. तुकडे कापून तयार ठेवलेत तर येऊन जोडून देतो, असं तो म्हणाला. मला काय, कापायचीच सवय. मी खाकी कागद लावून मापं घेतली, पत्र्यावर खडूने आखलं आणि शिंप्याच्या हाताला जे कळतं तेच केलं. चारी बाजूंनी दीड बोट जादा माया सोडली आणि कडा पँटीच्या मोहरीसारखी आत दुमडली. माझ्या मते काम इतकं सुबक झालं होतं की मी बायकोला दोनदा बोलावून दाखवलं. वेल्डरने तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, ‘‘पत्रा वाढत्या अंगाचा आहे का?’’ तरी मी हट्ट सोडला नाही, तसंच जोडायला लावलं. परिणाम असा की दार लागेना, आणि धुताना त्या दुमडीत जे पाणी साठलं ते चार दिवस तिथेच मुक्कामाला होतं. शेवटी सगळं उसवलं. (उसवणं हा शब्द मी वापरतो, वेल्डर वेगळा वापरतो.) पुन्हा मापाबरहुकूम, कडेला कडा भिडवून कापलं. एकवीस वर्षं धंदा केल्यावर माया न सोडता कापणं किती जिवावर येतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

हे सगळं मी हसत लिहिलं असतं आणि पत्र संपवलं असतं. पण ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी कापायला घेतली तेव्हा ग्राइंडर एका जागी नुसताच किंचाळायला लागला. आजूबाजूचा पत्रा हाताने तुटत होता, आणि मधे हे एवढं एक अर्धगोल, आठ रिव्हेट ठोकून बसवलेलं, गंजाचा ठिपका नाही. काढून धुतलं. स्टीलच्या मोठ्या ताटाचा अर्धा भाग. काठावर कोरलेलं मामींच्या माहेरचं आडनाव.

चौदा वर्षांपूर्वीचा तो रविवार तुम्हाला मी सांगायला नको. आई तुमच्याकडे दोन दिवस राहून पिशवी घेऊन परतली, आणि सोमवारी मामींना त्यांच्या आईने दिलेलं ताट सापडेना. घरात बाहेरचं माणूस एकच आलं होतं. मामी एक वाक्य बोलल्या, आई एक बोलली, आणि दोन घरांची दारं लागली. गाडीच्या कप्प्यात त्या वेळच्या तपासणीचा दाखला अजून आहे. तारीख त्या रविवारनंतरच्याच गुरुवारची. फरशीला भोक असताना गाडी पास होणार नव्हती आणि घरात दुसरा जाड पत्रा नव्हता, एवढं मला समजतं. नंतर तोंड का उघडलं नाहीत, तेही थोडंफार समजतं. पण तुम्ही तेव्हापासून फोन करता तो माझ्या दुकानात, ‘ताई कशी आहे’ विचारता आणि ठेवून देता. आणि संध्याकाळी आई दोऱ्याची रिळं लावता लावता विचारते, आज दुकानात कोणाचा फोन होता का. मी दोघांनाही ‘बरी आहे’, ‘बरा आहे’ एवढंच सांगत आलोय.

ते अर्धं ताट मी आईपुढे नेलं, वकिलाने पुरावा न्यावा तसं. तिने चष्मा लावला, अक्षरांतली माती नखाने काढली आणि म्हणाली, जिथे होतं तिथे परत लाव, चांगलं टिकलंय. मी म्हटलं, अगं, तू निर्दोष ठरलीस. तर म्हणे, मला ते आधीपासून माहीत आहे. आणि चहा टाकायला उठली. मामा, मला तुमचा राग आला. रडूही आलं, पण वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर होता म्हणून निभावलं.

ताट मी परत लावलेलं नाही. तिथे आता नवा पत्रा आहे, आणि ताट दुकानात खिळ्याला टांगलंय.

मामींना माझा नमस्कार सांगावा. (कशावरून आठवण निघाली ते मात्र सांगू नये.)

तुमचा,
भाचा

ता. क. मागच्या दाराचं जुनं रबर तुमच्या गोदामात पडलेलं असेल तर शोधून ठेवावं. पत्र खरं तर त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. रबर बाजारात मिळालं. येत्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन तुमच्या दारात येतो. तुम्ही आणि मामी तयार राहा. मामींना मी काही सांगणार नाही, ते तुम्ही निघण्याआधी सांगायचं. आईला यातलं काही ठाऊक नाही.

ता. क. ३. आईने पत्र वाचलं. (कापायच्या टेबलावर ठेवलं होतं, तिथलं ती सगळं वाचते.) आधी म्हणाली, फाडून टाक. मग बराच वेळ गुंड्यांचा डबा निवडत बसली आणि म्हणाली, पाठवणारच असशील तर एवढं विचार, ताट कापताना त्याच्या डाव्या अंगठ्यात कात्री घुसली होती, ती जखम नीट भरली का. त्या रविवारी ती तुमच्या मागच्या दारात उभी होती, मामा. तिने सगळं बघितलं होतं, आणि तुम्हाला घरात सुखाने राहता यावं म्हणून चौदा वर्षं आळ अंगावर घेऊन बसली.

अंगठ्याचं उत्तर मला कळवू नका. तिला येऊन दाखवा.